रिम कोणाची, कडी कोणाची

अमेरिकेत १९२०च्या दशकापासून पुढची पन्नासेक वर्षे बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांचे चाक सहसा एकसंध नसे. टायर ज्यावर बसतो त्या पोलादी रिमचा एक काठ कायमचा वळवलेला असे. दुसरा काठ म्हणजे एक सुटी कडी. टायर चढवायचा, कडी खाचेत बसवायची आणि हवा भरायची; मग फुगलेला टायरच त्या कडीला जागेवर दाबून धरी. त्या काळचे फोर्ड, शेव्हरोलेट, डॉज, इंटरनॅशनल हे ट्रक आज तिकडची हौशी मंडळी कोठारांतून आणि शेतांच्या बांधांवरून उचलून आणतात आणि पुन्हा रस्त्यावर काढतात. इंजिन खोलणे, केबिनचा पत्रा बदलणे, लाकडी हौदा नव्याने बांधणे ही कामे वेळखाऊ असली तरी मार्गी लागतात. घोडे अडते ते चाकांपाशी. टायर वाळून तडकलेला असतो, रिम गंजलेली असते आणि टायरच्या दुकानात चाक नेले तर कडी पाहूनच दुकानदार ते परत पाठवतो. या नकारामागे मोठा इतिहास आहे. त्यातला काही भाग न्याय्य आहे, तर काही भाग म्हणजे भलत्याच चाकावर काढलेला राग आहे. सुरक्षित पर्याय शोधायचा तर हे दोन भाग वेगळे करावेच लागतात.

पहिल्या ट्रकांना हवेचे टायर नव्हतेच. लाकडी आऱ्यांच्या चाकावर पोलादी धाव आणि तिच्यावर भरीव रबराचा पट्टा अशी रचना असे. भरीव रबर पंक्चर होत नाही, पण ते धक्काही गिळत नाही. वेग वाढला की रबर तापते, रस्ता उखडतो आणि गाडीचे सांधे खिळखिळे होतात. गुडइयर कंपनीने १९१७ साली ओहायोतल्या ॲक्रनहून बोस्टनपर्यंत पॅकार्ड ट्रक हवेच्या टायरांवर धाडला आणि त्या सेवेला 'विंगफूट एक्स्प्रेस' हे नाव दिले. कंपनीला स्वतःचा माल खपवायचा होता, म्हणजे ही फेरी एक जाहिरातच होती. पण लांब पल्ल्याला असा ट्रक जाऊ शकतो हे तिने दाखवून दिले. पुढच्या दशकभरात रस्ते सुधारले, टायरचे कापड सुधारले आणि हवेचा टायर ट्रकखाली स्थिरावला.

त्याच्याबरोबर एक जुना पेच मोठा होऊन आला. टायर रिमवर चढवायचा कसा? या प्रश्नाची दोन उत्तरे ब्रिटनमध्ये १८९० सालीच मिळाली होती. विल्यम बार्टलेटच्या टायरला रबराचा कंगोरा होता आणि तो रिमच्या वळलेल्या ओठाखाली अडकून राही. कंगोरा ताणला जाई, म्हणून टायर ओढून चढवता येई. चार्ल्स किंग्स्टन वेल्चने टायरच्या कडेत तारेचा वेढा घातला. या कडेला बीड म्हणतात. तार ताणत नाही, त्यामुळे टायर निसटत नाही; पण त्याच कारणाने तो काठावरून आतही जात नाही. त्यावर वेल्चने रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ ठेवली. बीडचा एक भाग पन्हळीत उतरवला की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि ती बाजू काठावरून पलीकडे घेता येते. सायकलचा टायर बदलताना आजही हेच करतात. मोटारींनी पुढे याच पन्हळीच्या रिमा स्वीकारल्या आणि एकसंध चाकाचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

ट्रकला हे जमेना. ट्रकच्या टायरमध्ये कापडाचे आठ-दहा थर असत आणि बीड इतके ताठ असे की दोन टामींनी ते वाकवणे शक्य नव्हते. शिवाय आत ट्यूब आणि ट्यूबखाली रबराचा फ्लॅप असे, त्यांना सपाट बैठक हवी होती. म्हणून ट्रकची रिम सपाट बुडाची झाली आणि काठ ओलांडण्याची अडचण काठच सुटा करून सोडवली गेली. तीन तुकड्यांच्या प्रकारात रिमचे बूड, त्यावर सरकणारी अखंड साइड रिंग आणि तिला बाहेरून अडवणारी, एका ठिकाणी कापलेली लॉक रिंग असे भाग असतात. दोन तुकड्यांच्या प्रकारात साइड रिंग आणि लॉक रिंग यांचे काम एकच कडी करते. ही कडी रिमच्या काठाशी कोरलेल्या खाचेत बसते. खाच जेमतेम बोटाच्या पेराएवढी असते, आणि या चाकाच्या सुरक्षिततेचा सगळा हिशेब त्या खाचेत असतो.

सोयीच्या दृष्टीने या रचनेत खोट काढता येत नाही. गावापासून चाळीस मैलांवर पंक्चर झाले तर ड्रायव्हर जॅक, दोन टामी आणि एक हातोडा एवढ्यावर टायर उतरवून ट्यूब बदलू शके. १९२८ सालापासून विकल्या गेलेल्या फोर्डच्या 'एए' ट्रकपासून १९४८च्या एफ मालिकेतल्या मोठ्या ट्रकांपर्यंत वीस इंची चाकांचे राज्य होते. रिम गाडीला जोडण्याचे दोन घाट पडले. ओहायोतल्या डेटन स्टील फाउंड्रीच्या पद्धतीत ओतीव पोलादाच्या पाच-सहा जाड आऱ्या हबलाच असत आणि त्यांवर नुसती रिम चिमट्यांनी आवळली जाई. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीच्या पद्धतीत रिमला पोलादी पत्र्याची थाळी जोडलेली असे आणि ती स्टडांवर नटांनी बसे. मागच्या जोडचाकांसाठी बडने दुहेरी नटांची युक्ती वापरली. आतले चाक लांबट टोपीनटाने आवळायचे आणि त्या नटाच्या बाहेरच्या आट्यांवर दुसरे चाक चढवून दुसरा नट लावायचा. गाडीच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असत. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवायचा म्हणून आणखी आवळत बसतो, आणि स्टड तुटला की दोष गंजाला देतो. आतला नट तपासायचा तर आधी बाहेरचा ढिला करावा लागतो. तसे न करता नुसता बाहेरचा नट आवळत राहिले तर आतले चाक ढिलेच राहते आणि भोके लांबट होत जातात.

ही चाके मुंबईलाही आली. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तिथे शेव्हरोलेटच्या मोटारी व ट्रक जोडले जाऊ लागले. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि फार्गो ट्रक जुळवायला घेतले. महाराष्ट्रातल्या वाचकाला कडीचे चाक परके वाटण्याचे कारणच नाही: ट्यूबवाल्या १०.००-२० टायरचा ट्रक हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात उभा असला की टामी, घण आणि जमिनीवर पडलेली रिंग हे दृश्य आजही दिसते. अमेरिकेत मात्र हे चाक रोजच्या वापरातून जवळजवळ हद्दपार झाले आणि ते हाताळणारी माणसेही त्याच्याबरोबर गेली.

त्याच्या धोक्याचा अंदाज साध्या गणिताने येतो. १०.००-२० टायर रिमपाशी वीस इंच व्यासाचा असतो आणि त्याची बाजू जिथे सर्वांत फुगीर असते तिथला व्यास सुमारे एकतीस इंच भरतो. या दोन वर्तुळांमधले क्षेत्रफळ होते साधारण ४४० चौरस इंच. दर चौरस इंचाला १०० पौंड हवा भरली तर बीड बाजूला ढकलणारा एकूण जोर ४४,००० पौंडांच्या घरात जातो, म्हणजे जवळपास २० टन. हा सगळा भार ती कडी आणि ती खाच पेलत असते. मोटारीच्या टायरमध्ये दाब याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आणि क्षेत्रफळही बरेच लहान असते. शिवाय हवा पाण्यासारखी नसते; ती दाबून साठवलेली शक्ती असते आणि वाट मिळताच एका क्षणात बाहेर येते. कडी उडाली तर ती चाकाच्या अक्षाच्या दिशेने, म्हणजे हवा भरणारा माणूस जिथे वाकलेला असतो नेमकी तिकडे जाते.

मग कडी उडते का? चांगल्या स्थितीतली, त्याच रिमसाठी बनलेली आणि नीट बसलेली कडी उडत नाही. तशा कोट्यवधी कड्यांनी आयुष्यभर काम केले. घात होतो तो मुख्यतः तीन वाटांनी. खाचेत गंजाचे पापुद्रे साचतात आणि कडी पूर्ण आत उतरत नाही. वर्षानुवर्षे टामी आणि घणाचे तडाखे खाऊन कडी पिळवटते. आणि तिसरी वाट, जी डोळ्यांना सर्वांत कमी दिसते, ती म्हणजे कडी दुसऱ्याच रिमची असते. फायरस्टोन, गुडइयर, केल्सी-हेज, बड अशा कंपन्यांनी आपापल्या घाटाच्या रिमा काढल्या. दोन कड्यांचा व्यास सारखा, रंग सारखा, गंजही सारखा. पण खाचेत बसणाऱ्या ओठाचा कोन निराळा. अशी कडी चढते, हवाही धरते आणि कधी तरी सोडते. गॅरेजच्या कोपऱ्यात कड्यांचा ढीग साठला, युद्धानंतर लष्करी ट्रकांचे सामान लिलावात निघाले, एका ट्रकची रिम दुसऱ्याला लागली, आणि कारखान्यातून जोडीने निघालेले तुकडे एकमेकांपासून पांगले. दुरुस्तीची सोय व्हावी म्हणून चाकाचे तुकडे केले होते. त्या तुकड्यांच्या ताटातुटीनेच माणसे मेली.

एका प्रकाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. फायरस्टोनने १९४०च्या दशकात आणलेली 'आरएच-५ डिग्री' ही रिम दोन तुकड्यांचीच होती, पण तिला बाहेरच्या काठाशी कडी नव्हती. रिमचे बूडच मधोमध गोलाकार चिरलेले असे आणि दोन अर्धे भाग एकमेकांत अडकवून बसवले जात. वजन कमी, किंमत कमी, त्यामुळे ती पुष्कळ खपली. तिचा दोष असा की जोड टायरच्या पोटात, फ्लॅपखाली असे. बाजूच्या कडीच्या चाकात हवा भरण्याआधी वाकून, बोट फिरवून कडी बसली की नाही ते पाहता येते. इथे टायर चढला की जोड दिसेनासा होई. तो पूर्ण अडकला आहे की नुसता टेकला आहे हे बाहेरून सांगण्याची सोय नव्हती. आत पाणी शिरून जोड गंजला तरी तो झाकलेलाच राही. हवा भरताना, कधी चाक गाडीवरून उतरवताना, तर कधी उभ्या ट्रकवर ही रिम फाटल्याच्या घटना घडल्या आणि खटल्यांची रांग लागली. 'विडोमेकर' हे मेकॅनिकांनी दिलेले नाव या रिमला शोभते. पुढे तेच नाव सरसकट प्रत्येक कडीच्या चाकाला चिकटले आणि टायरच्या दुकानांनी फरक करणे सोडून दिले. आरएच-५ची निर्मिती केव्हाच थांबली आहे. जुन्या ट्रकखाली ती निघाली तर दुरुस्तीचा विचारही करू नये. ट्रकवरच व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडावी आणि चाके भंगारात काढावीत. ती ओळखायची खूण सोपी आहे: बाहेरच्या काठाशी कडीची फट दिसत नाही आणि रिम अखंड असल्यासारखी भासते. नवखा माणूस म्हणूनच तिला सुरक्षित समजतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज डब्ल्यूसी आणि जीप यांच्या लढाऊ चाकांची रचना आणखी निराळी होती. टायरची हवा गेली तरी बीड जागचे हलू नये म्हणून आत पोलादी कडे आणि रिमचे दोन अर्धे भाग नटबोल्टांनी आवळलेले. रचना भक्कम, पण तिच्यात नटांची दोन वर्तुळे: आतले वर्तुळ चाक हबला धरते, बाहेरचे वर्तुळ रिमचे दोन भाग एकत्र ठेवते. चाक काढायच्या घाईत फुगलेल्या टायरचे बाहेरचे नट सोडले तर शेवटच्या एक-दोन नटांवर सगळा भार येतो. लष्करी गाड्या जपणारे लोक म्हणून ते बाहेरचे नट लाल रंगवतात.

चाके फुटून कामगार मरत होते, तरी सरकारी नियम यायला १९८० साल उजाडले. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न लावून धरला. कामगार सुरक्षेचे केंद्रीय खाते, म्हणजे ओशा, याने २९ जानेवारी १९८० रोजी बहुतुकडी चाकांसाठी १९१०.१७७ हा नियम काढला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तो एकसंध ट्रक-चाकांनाही लागू केला. नियम वाचताना जाणवते की तो टेबलाशी बसून सुचलेला नाही. त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे एखादा अपघात असावा. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडायची. हवा भरताना चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवायचे आणि तो पिंजरा टायरच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबाने झालेला स्फोट पेलणारा असावा. हवेच्या नळीला चिमट्याने आपोआप अडकणारे तोंड आणि मध्ये दाबमापक हवा, नळी इतकी लांब हवी की माणूस कडीच्या मार्गाबाहेर उभा राहू शकेल. फुगलेल्या चाकाची कडी हातोडीने ठोकून सरळ करू नये. तडा गेलेल्या, वाकलेल्या वा गंजून खाल्लेल्या रिमला वेल्डिंग करू नये, तापवू नये. टायर लावलेल्या रिमवर वेल्डिंग तर कधीच नाही. आत रबराची वाफ साचून टायर बॉम्बसारखा फुटतो, व्हॉल्व्ह काढलेला असला तरी. आणि कोणती कडी कोणत्या रिमला चालते हे तक्त्यावर पाहिल्याशिवाय तुकड्यांची सरमिसळ करायची नाही. हे जोडीचे तक्ते सरकारनेच छापून दुकानांच्या भिंतींवर लावायला दिले.

या नियमाला एक मर्यादा आहे. तो मालक आणि पगारी कामगार यांच्यासाठी आहे. घरच्या अंगणात स्वतःचा ट्रक खोलणाऱ्या हौशी माणसाला तो बांधत नाही. म्हणजे जिथे पिंजरा नाही, तक्ता नाही आणि अनुभवही नाही, नेमके तिथे नियमही नाही. दुकानदार चाक परत पाठवतो तेव्हा धोका टळत नाही, तो फक्त दुकानातून अंगणात जातो.

ओशाचा नियम आला तोवर एकसंध चाकाचा पर्याय जुना झाला होता. ॲक्रनच्या गुडरिच कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ट्यूबलेस टायर पुढे आणला आणि १९५५च्या मॉडेलांपासून तो अमेरिकन मोटारींवर सर्रास आला. ट्रकसाठी त्याच सुमारास नव्या घाटाची रिम निघाली. जुन्या रिमवर बीडची बैठक पाच अंशांनी उतरती असे आणि काठ सव्वा-दीड इंच उंच. नव्या रिमवर बैठक पंधरा अंशांनी उतरती आणि काठ जेमतेम अर्धा इंच. काठ बुटका झाल्यामुळे ताठ बीडही पन्हळीच्या मदतीने त्याच्यावरून जाऊ लागले आणि साठ वर्षांपूर्वीची वेल्चची युक्ती अखेर ट्रकला लागू पडली. या रिमांचे व्यास मुद्दाम अर्ध्या इंचाचे ठेवले गेले: १७.५, १९.५, २२.५, २४.५. वीस इंची जुनी रिम आणि २२.५ इंची नवी रिम यांचा काठापाशी मोजलेला बाहेरचा व्यास जवळपास सारखा भरतो, कारण जुन्या रिमच्या उंच काठाने जे घेतले तेच नवीने बैठकीला दिले. म्हणून ८.२५-२०च्या जागी ९-२२.५, ९.००-२०च्या जागी १०-२२.५ आणि १०.००-२०च्या जागी ११-२२.५ अशी जोडी पडते. टायर आणि रिमांची मापे ठरवणारी तिथली टायर अँड रिम असोसिएशन ही मापे दरसाल छापते.

जुन्या ट्रकसाठी चाक शोधताना या जोडीचा पहिला उपयोग होतो. १९४० किंवा ५०च्या दशकातल्या दीड-दोन टनी ट्रकखाली बहुधा ७.५०-२० टायर असतो. त्याचा पूर्ण व्यास ३७ इंचांच्या आसपास. बाजारात सहज मिळतो तो १९.५ इंची टायर, कारण आजचे हलके ट्रक त्यावर धावतात, पण २२५/७०आर१९.५ची उंची भरते फक्त ३२ इंच. दिसायला ट्रक बुटबैंगण होतो हे एक वेळ सोडून द्या. जुन्या ट्रकचे मागचे डिफरन्शिअल मुळातच मंद गतीचे असते. ज्या फेऱ्यांवर इंजिन पूर्वी ताशी ४५ मैल देत असे त्याच फेऱ्यांवर ते आता ३९ देते. ७० वर्षांच्या इंजिनाला वेग गाठायला पंधरा टक्के जास्त फिरवणे हा काही शहाणपणा नव्हे. २५५/७०आर२२.५ हा टायर साडेछत्तीस इंचांच्या घरात जातो, त्यामुळे मूळ उंची आणि मूळ गती दोन्ही टिकतात. तो वजनालाही गरजेपेक्षा दणकट असतो. अडचण एवढीच की त्याच्या रुंदीमुळे मागच्या जोडीतले दोन टायर एकमेकांना घासणार नाहीत ना, हे मोजूनच ठरवावे लागते. भार पडल्यावर टायर खालच्या बाजूला फुगतो; रिकाम्या ट्रकखाली दिसणाऱ्या फटीवर विसंबून चालत नाही.

भोकांचे वर्तुळ ही दुसरी पायरी. फोर्डचे आणि इतर बरेच मध्यम ट्रक आठ इंची वर्तुळावर पाच भोके वापरत. काहींना पावणेनऊ इंची वर्तुळावर सहा भोके असत, एक टनी ट्रकांना साडेसहा इंचांवर आठ आणि जड ट्रकांना सव्वाअकरा इंचांवर दहा. पाच आणि सहा भोकांची ट्यूबलेस चाके साठ-सत्तरच्या दशकांत बनली, तीही मुख्यतः ट्रक आणि शाळेच्या बसगाड्यांसाठी. म्हणून आज ती शोधायची तर जुन्या बसचे भंगार हे चांगले ठिकाण. दहा भोकांच्या चाकात मोठी फसगत आहे. जुन्या बड पद्धतीत चाक स्टडांवर मध्यात येते: भोकांना वाटीसारखा उतार असतो आणि नटाचे गोल टोक त्यात बसते. ऐंशीच्या दशकात पसरलेल्या नव्या पद्धतीत चाक हबच्या कंगोऱ्यावर मध्यात येते आणि नट सपाट असतो. सव्वाअकरा इंच म्हणजे २८५.७५ मिलिमीटर, दोन्ही पद्धतींत वर्तुळ हेच. नवे चाक जुन्या हबवर चढते, नटही लागतात, पण चाकाला मध्यभागी धरणारे काहीच उरत नाही. काही मैलांनी नट ढिले होतात, मग स्टड तुटतात.

चाक चढले म्हणजे काम झाले असेही नाही. सपाट बुडाच्या वीस इंची रिमच्या आत ब्रेकच्या ड्रमला ऐसपैस जागा होती, १९.५च्या रिमची पन्हळ आत घुसते आणि काही ट्रकांवर ड्रमला टेकते. २२.५ला ही तक्रार सहसा येत नाही. थाळी रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे त्यावर पुढच्या चाकांचे वळणे आणि मागच्या जोडीतले अंतर अवलंबून असते. जोडचाकाच्या आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकातून हाताला लागला पाहिजे. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते ती सहाही चाके आवळून झाल्यावर. जुन्याच रिमवर ट्यूबलेस टायर चढवण्याचा मोह मात्र ठेवू नये. तिथे ट्यूबच्या व्हॉल्व्हसाठी लांबट खाच असते, कडीचा सांधा हवा धरत नाही आणि बैठकीचा कोनही जुळत नाही.

मूळ थाळी ठेवून तिच्यावर नवी ट्यूबलेस रिम जोडण्याचे काम करणारे चाकांचे कारागीर अमेरिकेत आहेत. थाळी रिमपासून कापायची, यंत्रावर गोलाई साधायची आणि नव्या, भाराचे माप छापलेल्या रिममध्ये वेल्डिंगने बसवायची, असे ते काम आहे. बाहेरून चाक जुने दिसते, आतून नवे असते. खर्च बराच येतो. भंगारातली दोन चाके कापून घरच्या वेल्डिंग मशीनवर एक करणे हा त्याचा स्वस्त नमुना दिसतो, पण त्याला कुणी भाराचा आकडा देऊ शकत नाही.

लहान ट्रकांच्या बाबतीत वेगळाच सापळा आहे. सत्तरच्या दशकातल्या अनेक पिकअप आणि एक टनी ट्रकांना १६.५ इंची ट्यूबलेस रिम असे. त्या मापाचे टायर आता दुर्मिळ झाले, १६ इंची टायर मात्र मुबलक. अर्ध्या इंचाच्या फरकामुळे १६चा टायर १६.५च्या रिमवर चढतो. बीड मात्र काठाशी जाऊन बसत नाही. ते बसावे म्हणून दाब वाढवत नेला की बीडमधली तार तुटते आणि टायर फुटतो. एकसंध चाकांनाही ओशाच्या नियमाखाली आणले गेले ते अशाच अपघातांमुळे. एकसंध चाक म्हणजे निर्धोक चाक ही समजूत इथे उघडी पडते.

ज्यांना ट्रक मूळ रूपातच ठेवायचा असतो ते बाजूच्या कडीची चांगली चाके ठेवतात आणि त्यात वावगे काही नाही. तीन तुकड्यांच्या रिमचे सगळे भाग मोकळे करून तारेच्या ब्रशने पोलादापर्यंत घासतात, खाचेच्या तळाशी गंजाने खड्डे पडलेत का ते पाहतात, कडी सपाट फरशीवर ठेवून ती कुठे उचललेली आहे का तपासतात. भागांवर ठोकलेले निर्मात्याचे नाव, माप आणि प्रकार वाचून तक्त्याशी ताडतात. अक्षरे गंजून गेली असतील तर तो भाग बाद. लॉक रिंग बसल्यावर तिची दोन टोके एकमेकांना भिडलेली नसावीत. भिडली असतील तर ती पुरती उतरलेली नाही किंवा त्या रिमची नाही. ट्यूब आणि फ्लॅप नवे घेतात, कारण जुना फ्लॅप सुरकुतला की ट्यूबला कापतो. टायरवरच्या तारखेची चार आकडी खूण २००० सालापासूनची आहे. त्याआधीच्या तीन आकडी खुणेचा टायर कितीही नक्षीदार राहिला असला तरी रस्त्यावर चालवण्याजोगा नसतो. हवा भरणे मात्र पिंजरा असलेल्या ठिकाणीच. शेतीची आणि खाणीची मोठी वाहने सांभाळणाऱ्या टायरवाल्यांकडे कडीच्या चाकांची रोजची सवय असते, आणि शहरातल्या दुकानाने परत पाठवलेले चाक बरेचदा तिथे घेतले जाते.

बाद ठरलेल्या तुकड्यांचे काय करायचे हेही ओशाच्या नियमात आहे: त्यांवर निकामी अशी खूण करून ते कामाच्या जागेवरून हलवायचे. जुन्या ट्रकांची जाणकार मंडळी तेवढ्यावर थांबत नाहीत. अख्खी रिम किंवा कडी भंगारात टाकली तर ती रंग लावून पुन्हा कुणाच्या तरी हाती पडते, म्हणून ते ती आधी गॅसने कापून दोन तुकडे करतात.